गणिताची ओसरी : कोयनेचे दहा सेकंद

महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावलेली कोयना प्रथम दक्षिणेकडे धांवते, हेळवाकापाशीं एकदम पूर्वेस वळते, आणि पाटणावरून कऱ्हाडास येऊन कृष्णेस समोरासमोर मिळते. पुढें तेंच पाणी औदुंबरावरून सांगलीस जातें. सातारकर आणि सांगलीकर यांच्यांत दुसरें कांहीं सामाईक असो वा नसो, हें पाणी सामाईक आहे. आणि २०१९ च्या ऑगस्टांत ज्यांच्या माजघरांत कृष्णा शिरली त्यांना त्याचा अर्थ कोणी शिकवावयास नको. या पाण्याचा केवढा तरी सांठा, शंभर अब्ज घनफुटांहून अधिक, कोयनानगरच्या ज्या भिंतीमागें उभा राहूं शकतो ती भिंत पायापासून १०३ मीटर, म्हणजे सुमारें ३४० फूट, उंच आहे. आजच्या लेखांत या भिंतीच्या दहा सेकंदांची हकीकत सांगावयाची आहे, आणि त्या दहा सेकंदांचें गणित करतांना कोणती रीत धरावी व कोणती धरूं नये, याचा विचार करावयाचा आहे. विषय रुक्ष वाटेल. पण ज्यांचीं घरें कृष्णाकांठीं आहेत त्यांनीं तरी पान उलटूं नये, अशी विनंति आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं कोयनेच्या खोऱ्यांत मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता निरनिराळ्या अभ्यासकांनीं ६.३ ते ६.५ अशी दिली आहे. पावणेदोनशेंच्या वर माणसें दगावलीं आणि कोयनानगरचीं घरें कोसळलीं. धरण मात्र उभें राहिलें. तें निरनिराळ्या ठोकळ्यांचें मिळून बांधलेलें आहे. त्यांपैकीं कांहीं उंच ठोकळ्यांना पाण्याच्या अंगास व मागच्या अंगासही आडव्या भेगा पडल्या. या भेगा वाटेल तेथें पडल्या नाहींत. पायापासून सुमारें साडेसहासष्ट मीटरांवर मागच्या बाजूचा उतार एकाएकीं बदलतो, धरणाचा पसरट पाय संपून सडपातळ मान सुरू होते. भेगा त्या मानेपाशींच होत्या.

धरणाच्या पोटांतील बोळांत जमिनीच्या हालचालीचा आलेख काढणारें एक यंत्र बसविलेलें होतें, आणि सुदैवानें तें त्या पहाटे चालू राहिलें. त्याच्या नोंदीवरून दिसून आलें कीं, नदीच्या प्रवाहाच्या दिशेनें जमिनीचा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या ०.४९ पट, धरणाच्या लांबीच्या दिशेनें ०.६३ पट व उभ्या दिशेनें ०.३४ पट इतका चढला होता. आराखडा करतांना भूकंपाकरितां धरलेला आंकडा होता ०.०५. जमिनीनें धरलेल्या हिशेबाच्या दहापट हिसका दिला, तरी भिंत कां पडली नाहीं. आणि पडली नाहीं तर तिला तडा नेमका मानेपाशींच कां गेला? या प्रश्नाचें उत्तर केवळ तर्कानें देतां येत नाहीं. त्याला गणितच करावें लागतें, आणि तें बर्कले येथील अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांत मानेपाशीं निर्माण होणारा ताण काँक्रीटला सोसवेल त्याहून अधिक निघाला. तेव्हांपासून आजपर्यंत जगांतल्या कोणत्याही देशांत धरणाच्या हादऱ्याचें गणित करण्याची नवी रीत निघाली, कीं पुष्कळ वेळां ती प्रथम कोयनेच्या या नोंदीवर घासून पाहतात. पाटण तालुक्यांतील एका पहाटेचा हा आलेख अभियंत्यांच्या पाठांत अशा रीतीनें कायमचा जाऊन बसला आहे.

आतां गणिताकडे वळूं. धरण म्हणजे दगडासारखी निश्चल वस्तु अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो एक अत्यंत ताठ झोपाळा आहे. माथा किंचित् पुढें ढकलला तर तो मागें येऊं पाहतो, आणि जितका ढकलला असेल तितक्याच प्रमाणांत मागें येण्याची ओढ असते. कोयनेच्या उंच ठोकळ्याची मुख्य डोल, पाण्याचा भार न धरतां, सेकंदाच्या एक तृतीयांशांत एक इतकी जलद आहे. म्हणजे दहा सेकंदांत तीस हेलकावे. "स्थान बदलतें वेगानें, वेग बदलतो ओढीनें, आणि ओढ ठरते स्थानावरून" हें जें चक्र, तेंच गणिताच्या भाषेंत अवकल समीकरण होय. जमीन स्थिर असेल तर त्याचें उत्तर कागदावर सरळ लिहितां येतें. पण जमीनच जेव्हां यंत्रानें काढलेल्या त्या वेड्यावाकड्या रेषेप्रमाणें हिसके देत असते, तेव्हां सूत्र चालत नाहीं. मग वेळेचे बारीक तुकडे करून, या क्षणाच्या स्थान-वेगांवरून पुढच्या क्षणाचे स्थान-वेग काढीत, पायरीपायरीनें जावें लागतें.

सर्वांत सोपी पायरी अठराव्या शतकांतील थोर गणिती ऑयलर याच्या नांवानें ओळखली जाते. आतांचा वेग घ्या आणि स्थान पुढें सरकवा; आतांच्या स्थानावरून ओढ काढा आणि वेग बदला. यांत गैर काय आहे, असें कोणासही वाटेल. आमच्या घरांतली एक नात अभियांत्रिकी शिकते. गणपतीच्या सुटींत घरीं आली असतां तिनें कोयनेच्या डोलीचा हाच हिशेब संगणकावर मांडला. जमीन हलविली नाहीं, घर्षण धरलें नाहीं. माथा एक सेंटिमीटर ओढून सोडून दिला, आणि पायरी धरली सेकंदाच्या शतांशाची. अशा वेळीं माथ्यानें एक सेंटिमीटर इकडे, एक तिकडे असें अखंड डोलत राहिलें पाहिजे. प्रत्यक्षांत पहिल्या सेकंदाच्या शेवटीं हेलकावा पावणेसहा सेंटिमीटर झाला, दुसऱ्याच्या शेवटीं तेहतीस, तिसऱ्याच्या शेवटीं जवळजवळ दोन मीटर. आणि दहाव्या सेकंदास तो साडेतीनशें किलोमीटरांच्या पलीकडे गेला. "आजोबा, धरण गुजराथेंत पोंचलें!" असें ती मोठ्यानें म्हणाली, तेव्हां स्वयंपाकघरांतली मंडळीही बाहेर आली.

गंमत सोडली तर यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, पायरी लहान केल्यानें ही चूक कमी होते, पण तिचा स्वभाव पालटत नाहीं. शतांशाऐवजीं सहस्रांश सेकंद धरला तरी दहा सेकंदांनंतर एका सेंटिमीटरचे जवळजवळ सहा होतातच. चूक प्रत्येक हेलकाव्यास त्याच बाजूस पडते, म्हणून ती सांचत जाते. सावकाराच्या चक्रवाढीप्रमाणें आज थोडी, उद्यां थोडी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ऑयलरची रीत उलटी फिरवून, म्हणजे पुढच्या क्षणाची ओढ व पुढच्या क्षणाचा वेग घेऊनही पायरी टाकतां येते. तिनें धरण गुजराथेंत जात नाहीं. आंकडे कसे शांत, सोज्वळ दिसतात. पण पाहूं गेल्यास एका सेकंदांत एक सेंटिमीटरचा हेलकावा पावणेदोन मिलिमीटरांवर आलेला असतो, आणि दोन सेकंदांत तो जवळजवळ नाहींसा होतो. धरण कोणीं थोपटून निजविलें? कोणींही नाहीं, रीतीनें.

आमच्या मतें ही दुसरी चूक पहिलीहून शतपटीनें वाईट आहे. पहिली चूक ओरडून स्वतःस प्रगट करते. दुसरी गोड बोलून गळा कापते. काँक्रीटच्या धरणांत हेलकावे आपोआप विरण्याचें प्रमाण अभियंते सामान्यतः शेंकडा पांच धरतात. शतांश सेकंदाच्या पायरीनें ही उलटी रीत आपल्या पदरचे आणखी नऊ टक्के त्यांत मिसळते, आणि तेंही कोणास न सांगतां. हिशेब करणारा समजतो कीं, आपण पांच लिहिले. रीत गुपचूप चौदा वाचते. मग मानेपाशींचा ताण कमी निघतो, भेग "पडणार नाहीं" असें उत्तर येतें, आणि खालीं कऱ्हाडापासून सांगलीपर्यंतच्या लोकांस मिळणारा निर्वाळा हा धरणाच्या बळाचा नसून गणिताच्या आळसाचा असतो. ऑयलरची सरळ रीत तर याच्या उलट. खऱ्या पांच टक्क्यांना पुरून उरेल इतकी उसळी ती स्वतःहून देते.

येथें थोडें मागें, चांगलें दीड हजार वर्षें, जाणें अवश्य आहे. आर्यभटानें आपल्या आर्यभटीयांत, ज्याचा काळ इ. स. ४९९ धरतात, ज्यांचें म्हणजे अर्धजीवांचें कोष्टक दिलेलें आहे. वर्तुळाचा चतुर्थांश चोवीस भागांत वांटून प्रत्येक भागाची ज्या किती वाढते, तो वाढीचा आंकडा, म्हणजे ज्याखंड, त्यानें सांगितला : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१० असें उतरत उतरत शेवटीं २२ व ७. सर्वांची बेरीज ३४३८, हीच त्याच्या वर्तुळाची त्रिज्या. हे खंड पाठ करण्याऐवजीं काढावयाचे असतील तर त्यासाठीं गणितपादांत एक आर्या आहे. टीकाकारांनीं तिचा लावलेला अर्थ असा : आतांपर्यंत जमलेल्या ज्येला पहिल्या ज्येनें, म्हणजे २२५ नें भागा, तो भागाकार चालू खंडांतून वजा करा, राहील तो पुढचा खंड. आणि हा नवा खंड ज्येंत मिळवा, कीं पुढची ज्या तयार.

करून पाहूं. पहिली ज्या २२५, पहिला खंड २२५. दोनशें पंचवीस भागिले दोनशें पंचवीस, एक. म्हणून नवा खंड २२४ आणि ज्या ४४९. चारशें एकोणपन्नासाचा भागाकार जवळजवळ दोन. नवा खंड २२२, ज्या ६७१. तिचा भागाकार तीन. खंड २१९, ज्या ८९०. पुढें चार, खंड २१५. शाळेंतल्या मुलास दहा मिनिटांत कळेल अशी ही रीत आहे. (कोष्टक तंतोतंत याच रीतीनें केलेलें नाहीं, हेंही सांगून टाकतों. पूर्णांकांनीं चालल्यास सातव्या खंडापाशीं रीत २०४ देते, कोष्टक २०५ म्हणतें.)

आतां हीच रीत झोपाळ्याच्या भाषेंत वाचा. ज्या म्हणजे स्थान. खंड म्हणजे वेग. ओढ स्थानाच्या प्रमाणांत आणि विरुद्ध दिशेस : म्हणूनच ज्येचा २२५ वा भाग खंडांतून वजा. आर्यभट वर्तुळाच्या जीवा काढीत होता, कोयनेचा त्याला स्वप्नांतही गंध नव्हता. पण त्यानें लिहिलेली पायरी ही अक्षरशः झोपाळ्याच्या समीकरणाची पायरी आहे. ऑयलरच्या आणि तिच्या मांडणींत फरक एका शब्दाचा. ऑयलर स्थान पुढें सरकवितांना जुना वेग वापरतो. आर्यभट नवा खंड मिळवितो. एवढ्याशा फरकानें काय होतें? ऑयलरची लाट दर आवर्तनास सुमारें तेवीस टक्क्यांनीं फुगत जाते, आणि आर्यभटाची लाट कितीही आवर्तनें केलीं तरी त्याच उंचीवर येते. चोवीस ओळींवर न थांबतां चोवीस हजार ओळी केल्या, अपूर्णांक सोडले नाहींत, तरी ती फुगत नाहीं आणि विरतही नाहीं.

याचें कारण समजण्यासाठीं आमच्यासारख्या जुन्या माणसांस पोथीचा दृष्टांत पुरतो. सुट्या पानांची पोथी चौरंगावर नीट रचलेली आहे. तिला एका बाजूनें हातानें तिरकें रेटलें तर प्रत्येक पान खालच्या पानावरून थोडें सरकतें. पोथीच्या कडेचा आकार काटकोन चौकोनाचा होता तो कलता होतो. पण पान ताणलें गेलेलें नाहीं, फाटलेलें नाहीं. कडेचें क्षेत्रफळ जितकें होतें तितकेंच आहे. आतां एका कागदावर आडवें स्थान व उभा वेग मांडला, आणि झोपाळ्याच्या एकाच अवस्थेऐवजीं थोड्या निरनिराळ्या अनेक अवस्थांचा एक लहानसा ठिपका घेतला, तर आर्यभटाची प्रत्येक पायरी म्हणजे दोन वेळां पोथी रेटणें आहे : एकदां उभ्या दिशेनें (स्थान कायम, वेग बदलला), आणि मग आडव्या दिशेनें (नवा वेग कायम, स्थान सरकलें). ठिपका लांबेल, कलंडेल, पण त्याचें क्षेत्रफळ पालटणार नाहीं. निसर्गांतल्या घर्षणरहित गतीचाही हाच नियम आहे. ती अवस्थांच्या ठिपक्याचें क्षेत्रफळ राखते. ऑयलरच्या पायरींत दोन्ही रेटे एकाच वेळीं, जुन्याच आंकड्यांनीं दिले जातात, आणि क्षेत्रफळ दर पायरीस एक अधिक एक दोनशेंपंचविसांश या पटीनें वाढतें. पोथीचीं पानें रबराचीं झालीं म्हणा ना!

नियम राखणाऱ्या रीतीचें दुसरेंही एक वैशिष्ट्य आहे, आणि तें आम्हांस अधिक मनोहर वाटतें. आर्यभटाचा भाजक २२५ आहे. खरा भाजक असावयास हवा होता जवळजवळ २३३॥. केरळांतील नीलकंठ सोमयाजी यानें इ. स. १५०० च्या सुमाराच्या आपल्या तंत्रसंग्रहांत तो तसा दिला. २२५ नें भागून, अपूर्णांक राखून चाललें, तर लाटेचें शिखर चोविसाव्या ओळीऐवजीं साडेतेविसाव्या ओळीपाशीं येतें, आणि त्याची उंची ३४३८ ऐवजीं ३३७७ च्या घरांत भरते. म्हणजे उत्तर चुकलें. पण कसें चुकलें, तें पाहा. मिळाली ती लाटच. मोडकी, फुगलेली किंवा विरलेली नव्हे, तर किंचित् निराळ्या लांबीची पूर्ण लाट. दिलेल्या झोपाळ्याचें अंदाजी उत्तर न मिळतां शेजारच्या झोपाळ्याचें बिनचूक उत्तर मिळालें. कोयनेच्या डोलीस शतांश सेकंदाच्या पायरीनें हीच रीत लावली, तर हेलकाव्याची उंची ढळत नाहीं. फक्त डोल दीड सहस्रांशानें जलद होते. दहा सेकंदांतल्या तीस हेलकाव्यांत ही चूक हेलकाव्याच्या विसाव्या हिश्शाइतकीही भरत नाहीं. अभियंत्यास ती चालते, कारण ती कोठें आहे व किती आहे हें त्यास आधींच ठाऊक असतें.

ही पायरी पुढें वेळोवेळीं निरनिराळ्या हातांनीं सांपडली. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथांत ग्रह सम वेळांत सम क्षेत्रें आक्रमितो याची जी उपपत्ति आहे, तींत ग्रहास ठराविक अंतरानें सूर्याकडे धक्के देत बहुभुज काढलेला आहे. तो बहुभुज म्हणजे हीच रीत. नॉर्वेच्या स्टॉर्मरनें १९०७ मध्यें ध्रुवप्रदेशीय प्रकाशाच्या अभ्यासासाठीं ती वापरली. फ्रान्सच्या लू वेर्ले यानें १९६७ मध्यें, म्हणजे कोयनेच्या भूकंपाच्याच वर्षीं, ८६४ अणूंची धांवपळ संगणकावर पाहण्यासाठीं तिचा उपयोग केला, आणि हल्लीं तिला बहुधा त्याचेंच नांव लावतात. ती इतकी चांगली कां चालते, याचा पद्धतशीर विचार मात्र फार उशिरां सुरू झाला. बीजिंगच्या फेंग कांग यानें १९८४ मध्यें तो विषय हातीं घेतला. गतीचा जो अंगभूत नियम आहे तो पायरीनें पायरीसच पाळला पाहिजे, मग बाकीची अचूकता, असा त्याचा रोख होता. आणि आज ही गणिताची एक स्वतंत्र शाखा झाली आहे.

परत धरणाकडे येऊं. धरणाला एकच डोल नसते. मुख्य डोलीवर दुसरी, तिसरी, अशा अधिकाधिक जलद डोली असतात, आणि संगणकासाठीं भिंतीचे जितके बारीक तुकडे पाडावेत तितक्या त्या वाढतात. आर्यभटाची पायरी यांतल्या सर्वांत जलद डोलीच्या मानानें लहान ठेवावी लागते. ती मर्यादा ओलांडली तर हीही रीत उधळते. म्हणून अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे नेथन न्यूमार्क यांनीं १९५९ मध्यें जी रीत दिली ती धरण-इमारतींच्या कामांत रूढ झाली. तींत दोन आंकडे आपण निवडावयाचे असतात. पहिला अर्धा ठेवून दुसरा शून्य घेतला तर निघते ती आपली आर्यभटाचीच पायरी. आणि दुसरा पाव घेतला, म्हणजे आतांच्या व पुढच्या प्रवेगांची सरासरी धरली, तर पायरी कितीही मोठी असो, रीत उधळत नाहीं, आणि भिंत जोंपर्यंत न तडकतां लवचीक राहते तोंपर्यंत ती शक्ति स्वतःहून वाढवीत नाहीं कीं घटवीत नाहीं. पहिला आंकडा अर्ध्याहून चढविला कीं रीत लगेच थोपटूं लागते. पुष्कळ वर्षें ही एक व्यवहारी युक्ति म्हणूनच वापरली जाई. १९०० पासूनचें शतक संपतां संपतां, २००० मध्यें, केन, मार्सडेन, ऑर्टिझ व वेस्ट यांनीं दाखवून दिलें कीं, अर्धा आंकडा ठेवलेल्या न्यूमार्कच्या रीतींच्या पोटांत तोच क्षेत्र राखण्याचा गुण दडलेला आहे.

येथें कोणी चतुर वाचक विचारील कीं, धरणांत तर घर्षण असतेंच, हेलकावे विरतातच, मग शक्ति राखणाऱ्या रीतीचा हा सोंवळेपणा कशाला? शंका रास्त आहे. उत्तर असें कीं, विरण्याचें प्रमाण अभियंत्यानें लिहावें, रीतीनें नव्हे. भाजींत मीठ स्वयंपाकिणीनें घालावें. परातीनें आपल्या अंगचें सोडूं नये. कांहीं वेळां रीतींतून विरणें हवेंही असतें : बारीक तुकडे पाडल्यामुळें ज्या अति जलद, खोट्या डोली हिशेबांत उत्पन्न होतात त्या मारण्यासाठीं १९७७ मध्यें हिल्बर, ह्यूज व टेलर यांनीं न्यूमार्कच्या रीतींत मुद्दाम तशी सोय केली, आणि खरी मुख्य डोल तींत फारशी दुखावत नाहीं. ती जाणून घातलेली चिमूट होय. आमची तक्रार न जाणतां पडलेल्या मुठीबद्दल आहे.

आणखी एक प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दहा सेकंदांच्या हिशेबांत, संगणक आजच्यासारखे वेगवान् असतां, पायरी पुरेशी बारीक केली तर नियम न राखणाऱ्या पण अन्यथा चांगल्या रीतीही काम भागवितात. या विषयाचे कांहीं उपासक आपल्या दैवतावांचून जगांत पानही हलत नाहीं असें बोलतात, तें खरें नव्हे. नियम राखणाऱ्या रीतीवांचून खरोखर अडतें तें काळ फार लांब असला म्हणजे. आपल्याकडे पंचांगाच्या वादानें घराघरांत दोन पक्ष पाडले होते. लोकमान्य टिळकांच्या आयुष्याच्या अखेरच्या काळांत सांगलीसही ज्योतिषी मंडळींची परिषद भरली होती. त्या वादाचें मूळ हेंच कीं, ग्रंथांतल्या लहान चुका शतकानुशतकें एकाच बाजूस सांचल्या होत्या. ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें अकरा वर्षांचें, म्हणजे ४०१६ दिवसांचें, चक्र बांधून आंकडे लहान राखले. पण मूळ गतींतला अंश-कलांचा फरक चक्रानें कसा जावा? आतां हाच प्रश्न अब्जावधि वर्षांवर नेऊन पाहा. पॅरिसचे जाक लास्कार व मिकाएल गास्तिनो यांनीं २००९ मध्यें सूर्यमालेचीं पुढचीं पांच अब्ज वर्षें, आरंभींच्या अत्यल्प फरकानें २,५०१ वेळां, संगणकावर चालवून पाहिलीं. पायरी सुमारें नऊ दिवसांची. म्हणजे एका खेपेस वीस हजार कोटी पायऱ्या. इतक्या पायऱ्यांत ऑयलरनें पृथ्वी केव्हांच अंतराळांत भिरकावली असती. त्यांची रीत क्षेत्र राखणारी होती, म्हणून जें निघालें तें ग्रहांचें, रीतीचें नव्हे : शंभरांत सुमारें एका खेपेस बुधाची कक्षा इतकी लांबट झाली कीं, त्याची दुसऱ्या ग्रहाशीं टक्कर संभवावी.

कोयनेची भिंत १९६७ नंतर मागच्या अंगास टेकू देऊन जाड करण्यांत आली आहे. त्या खोऱ्यांत भूकंपाचे लहानमोठे धक्के अजूनही बसतात, त्यामुळें हे हिशेबही संपलेले नाहींत. सांगलीकडचीं कितीतरी मुलें आज अभियांत्रिकी शिकतात. त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं असा हिशेब आला तर त्यांनीं तयार संगणक-योजनेस उत्तर विचारण्यापूर्वीं जमीन स्थिर ठेवून, घर्षण शून्य धरून, माथा एकदां एक सेंटिमीटर ओढून सोडून पाहावा. आमच्या नातीनें अजाणतां केलेली तीच परीक्षा आहे, आणि तिला पांच मिनिटें पुरतात.

दिवाळीच्या सुटींत मुलांकडून करून घेण्यास एक काम सुचवितों. वहींत तीन रकाने पाडावे. पहिल्यांत ओळीचा क्रम, दुसऱ्यांत ज्या, तिसऱ्यांत खंड. आरंभीं ज्या शून्य व खंड २२५. निम्म्या मुलांनीं नवा खंड मिळवीत जावें, निम्म्यांनीं जुना. भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत. एका मुलानें २२५ ऐवजीं २३३॥ हा भाजक घ्यावा. त्याचें शिखर चोविसाव्या ओळीवर, ३४४० च्या जवळ आलें पाहिजे. सव्वाशें ओळी झाल्या कीं तिन्ही लाटा चौकटीच्या कागदावर एकाखालीं एक काढाव्या आणि ज्याच्या लाटेचें पुढचें शिखर पहिल्याच उंचीचें नसेल त्यानें आपली वही पुन्हां तपासावी. अर्थात् जुना खंड मिळविणारांची सोडून.